एकाच तोटीची टाकी

माणिकराव मिस्त्री गेल्याचं मला महिनाभरापूर्वी गंगाखेडच्या बसस्थानकावर कळलं. त्यांचा पुतण्या भेटला, म्हणाला, "गुरुजी, काका गेले..." माझी बस समोर लागली होती, मी तसाच उभा राहिलो.

आमची ओळख देवगाव फाट्याजवळच्या एका गावात झाली. मी तिथल्या शाळेवर नवीन शिक्षक. विद्यापीठाच्या नामांतराचा वाद पेटलेला, गावात माणसं एकमेकांकडे बघेनाशी झालेली. त्यातच शाळेला स्टेनलेस स्टीलची पाण्याची टाकी मिळाली. सरपंच म्हणाले, "दोन तोट्या बसवा. एक आपल्या पोरांना, एक दलित वस्तीवरल्यांना." खडूनं दोन खुणा मीच केल्या. हे लिहिताना आजही लाज वाटते.

तालुक्याहून आलेल्या कारागिरानं पहिल्या खुणेवर ड्रिल मशीन भरधाव फिरवलं. पत्रा निळा पडला, ड्रिलच्या टोकाची, बिटाची, धार गेली, भोक काही पडलं नाही. मग सरपंचांनी परभणीहून आपल्या चुलतभावाला, माणिकरावांना, बोलावलं. ते हातानं फिरवायचं ड्रिल घेऊन आले. त्याच निळ्या डागावर ताजी धार लावलेलं बिट टेकवलं, तेलाचे दोन थेंब सोडले, छातीचा सगळा भार दिला आणि अगदी सावकाश फिरवू लागले. "गुरुजी, नुसतं घासत बसलं की स्टील आणखी कडक व्हतं. दाबून, दमानं कापायचं." थोड्या वेळानं चकचकीत, लांब किस निघू लागला. इतकं मन लावून काम करणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

तोटी बसली. माणिकराव सामान आवरू लागले.

"अन् दुसरं भोक?" सरपंचांनी विचारलं.

"दादा, टाकी एक, पाणी एक. दुसरं मी न्हाई पाडणार."

"मग पुन्हा माझ्या दारात येऊ नको."

माणिकरावांचा चेहरा उतरला. दोघं एका ताटात जेवून वाढलेले. तरी ते "बरं" एवढंच म्हणाले आणि दुसरी खूण ओल्या फडक्यानं पुसून टाकली... जे मी करायला हवं होतं.

काही दिवस बरीच पोरं घरून पाणी आणत. ऊन वाढलं तशी एकेक करून सगळी त्याच तोटीला लागली. सरपंच मात्र माणिकरावांशी पुन्हा बोलले नाहीत, त्यांच्या मुलीच्या लग्नालाही आले नाहीत. ती सल माणिकराव अनेकदा माझ्याजवळ बोलून दाखवत. पण 'चुकलं' असं कधी म्हणाले नाहीत.

परवा परभणीला माणिकरावांच्या घरी वहिनींना भेटून आलो. स्वयंपाकघरात खिळ्यांवर डाव, झारे, उलथणी टांगलेली; प्रत्येकाच्या दांड्याला माणिकरावांनी पाडलेलं भोक. चहा गाळता गाळता वहिनी म्हणाल्या, "एकाचीबी कड बोटाला लागत न्हाई, बघा."

मी एक उलथणं काढलं, भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं... खरंच लागत नव्हती.