टाचणीही न उचलणारं चुंबक

मला पीएच.डी. मिळाली आणि श्रीगोंद्याजवळच्या आमच्या गावानं माझा सत्कार ठेवला. पत्रिकेवर संशोधनाचा विषय एकाच शब्दात छापला होता : 'चुंबक'. प्रबंधाच्या नावातले उरलेले बारा शब्द छापखान्यानं माझ्यावर दया येऊन गाळले असावेत.

पाच वर्षं मी मँगनीजच्या एका ऑक्साईडची पूड दळत होते, वड्या पाडत होते, भट्टीत भाजत होते. आईच्या मते एवढं भाजून निदान भाकरी तरी यायला हवी होती.

शाल-नारळ झाल्यावर सरपंच म्हणाले, "ताई, आता ते चुंबक दाखवा समद्यांना." टाचण्यांची डबी तयारच होती. वडिलांनी मला न विचारता प्रयोग कबूल केला होता. मी पर्समधली काळी वडी काढून टाचण्यांवर धरली. एक टाचणी हलेल तर शपथ.

"बंद पडलंय का?" पुढच्या रांगेतून कुणीतरी काळजीनं विचारलं.

"नाही. त्यातली अणूएवढी इवली चुंबकं ओळीत यायला शून्याखाली सव्वाशे अंशांहून जास्त थंडी लागते. आणि तेव्हाही ते टाचणी उचलत नाही."

पाच वर्षांचं सार इतक्या थोडक्यात मला प्रबंधातही जमलं नव्हतं. वडील टेबलावरच्या हाराकडं बघत बसले.

तेवढ्यात साखर कारखान्यातले एक निवृत्त फिटर उठले. उसातले लोखंडाचे तुकडे ओढून घेणारं मोठं चुंबक त्यांनी वर्षानुवर्षं सांभाळलं होतं. "मग आत काय व्हतंय, पोरी?"

मी सांगितलं, "तिथं प्रत्येक अणूत इलेक्ट्रॉनचा एक लांबट ढग असतो. शेजारचे ढग एकमेकांना आडवे बसतात. त्या मांडणीमुळं एका थरातली इवली चुंबकं एका दिशेला तोंड करतात, वरच्या थरातली उलट. बेरीज शून्य."

"म्हंजी ढग कसं बसलं, त्यावर चुंबक ठरतंय. अन् लई तापवलं तर ढग इस्कटत आसतील?"

"हो! पाचशे अंशांच्या जरा अलीकडं."

मला एकदम भरून आलं. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी फक्त पानांचे समास विचारले होते.

सरपंचांनी मात्र समारोप केला : "आपल्या ताईंचं चुंबक एवढं पावरफुल हाय, की टाचणीसारख्या किरकोळ गोष्टीकडं बघतसुदिक न्हाई!" टाळ्यांचा कडकडाट झाला. वडील ताठ बसले.

मी फिटरकाकांशेजारी खुर्ची ओढली आणि पत्रिकेच्या पाठीवर उलटसुलट बाणांचे दोन थर काढून दाखवले. त्यांनी पेन मागून घेतलं आणि तिसरा थर स्वतः काढला. बरोबर काढला.