पंचांचा हात

२०१६च्या पावसाळ्यात मला मोठा ताप आला आणि उतरताना तो माझा उजवा कान घेऊन गेला. डावा थोडाफार चालायचा, पण गोंगाटात त्याचाही भरवसा नव्हता. नस गेली आहे, आता फरक पडणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. मी मात्र विवळवेढ्याच्या महालक्ष्मीला जात राहिले. मागणं एकच, कान परत दे. घंटा वाजवली की तिच्या कडेला तळवा टेकवायचे. नाद दूरचा वाटायचा, पण हातात बारीक थरथर उतरायची. देवीवर राग नव्हता. एक प्रश्न मात्र मनातून जात नव्हता. जिला मी हाक मारते तिचं उत्तर मला ऐकूच येणार नसेल, तर ती ते देईल तरी कसं?

मी मसोलीची. घरची चिकूची वाडी. चाळिशीत गुडघे कुरकुरायला लागले म्हणून डहाणू रोडच्या जिममध्ये जाऊ लागले आणि तिथल्या सरांनी मला पॉवरलिफ्टिंगला लावलं. सर तलासरीचे, बोलता बोलता गुजरातीत शिरणारे. या खेळात खांद्यावर वजन घेऊन बसून उठायचं तो स्क्वॉट, बाकावर झोपून छातीवरून वर ढकलायचं ती बेंच प्रेस आणि जमिनीवरून उचलायचं ती डेडलिफ्ट. प्रत्येकात तीन संधी. एका प्रकारात तिन्ही वाया गेल्या की स्पर्धेतूनच बाद. शिवाय नुसती ताकद पुरत नाही, पंचांनी सांगितल्यावरच पुढची हालचाल करायची असते. आमच्याकडच्या स्पर्धांत सर पंचांना आधी सांगून ठेवत, पंच मोठ्याने ओरडत आणि माझं निभून जाई.

२०१८ मध्ये चाळिशीवरच्या बायकांच्या आशियाई स्पर्धेसाठी माझी निवड झाली. पहिल्यांदाच परदेश पाहिला. स्पर्धेच्या सकाळी सरांच्या हातून एक चूक झाली. बेंच प्रेसचं आमचं ठरलेलं पहिलं वजन त्यांनी कमी लिहून दिलं आणि लक्षात आलं तेव्हा बदलायची वेळ निघून गेली होती. कमी वजनवालीची पाळी आधी येते, त्यामुळे माझा नंबर पुढे सरकून एका कझाकस्तानच्या बाईच्या आधी लागला. मी मनातल्या मनात धुसफुसले. आजच हे व्हायचं होतं का, असं देवीलाही विचारलं.

स्क्वॉट छान झाला, कारण मुख्य पंच समोर बसतात आणि त्यांच्या हाताची खूण दिसते. बेंच प्रेसला ते डोक्यामागे असतात. सरांनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत माझ्या कानाचं सांगितलं होतं, समोरच्यांनी मानही डोलावली होती. पण हॉलमधल्या भोंग्यांच्या आवाजात मला काहीच कळेना. पहिल्यांदा मी घाईने ढकललं. दुसऱ्यांदा इतकी थांबले की हातातलं बळच संपलं. दोन्ही वेळा लाल दिवे, म्हणजे संधी वाया. मी खुर्चीवर येऊन बसले. सर पाणी घेऊन आले.

माझ्यानंतर पाळी असल्यामुळे ती कझाकस्तानची बाई समोरच बसलेली असे. तिने माझ्याकडे निरखून पाहिलं, आपल्या कानाला बोट लावलं आणि भुवया उंचावल्या. मी मान डोलावली. ती उठली, आपल्या कोचला घेऊन पंचांच्या टेबलापाशी गेली आणि बराच वेळ हातवारे करून बोलत राहिली. मग हिंदी जाणणारी एक स्वयंसेविका माझ्याकडे आली. मुख्य पंच उभे राहतील, माझ्या नजरेसमोर हात धरतील, मी फक्त त्या हाताकडे बघायचं, असं तिने समजावलं.

तिसऱ्यांदा बाकावर झोपले तेव्हा माझ्या चेहऱ्याच्या वर पंचांचा हात दिसला. एरवी अशा वेळी मी देवीला काहीतरी मागत असते. त्या वेळी मागायचं सुचलंच नाही. दांडी छातीवर टेकली, हात हलला, मी ढकललं. पुन्हा हात हलला, तेव्हा दांडी बाकाच्या घोडीवर परत ठेवली. तिन्ही दिवे पांढरे.

डेडलिफ्टनंतर मी तिसरी आले आणि ती चौथी. मी बाद झाले असते तर ते पदक तिचं होतं. मला राहवेना. स्वयंसेविकेला सोबत घेऊन मी तिला विचारलं, "तुम्ही असं का केलंत?"

तिची धाकटी बहीण बहिरी होती. ऐकू न येणाऱ्या माणसाची नजर ती लहानपणापासून ओळखत होती. मग ती हसून जे बोलली ते स्वयंसेविकेने मला हिंदीतून सांगितलं, "मला तुला हरवायचं होतं, तुझ्या कानाला नाही."

परतीच्या वाटेवर सर या सगळ्याला योगायोग म्हणाले. असेलही. पण वजन बरोबर लिहिलं गेलं असतं, तर ती माझ्यासमोर बसली नसती. ज्या चुकीवर मी धुसफुसले, तिच्याच वाटेने मदत आली. हे कसं जुळलं याचा विचार मी अजून करते. उत्तर सापडत नाही, आणि न सापडल्याचं वाईटही वाटत नाही. कान आजही तसाच आहे.

घरी आल्यावर सासूबाईंसोबत विवळवेढ्याला गेले. ओटी भरली आणि देवीसमोर बराच वेळ उभी राहिले. बाहेर आल्यावर सासूबाईंनी माझ्या डाव्या कानाशी येऊन विचारलं, "काय मागितलंस गं एवढा वेळ?"

"काही नाही, आई," मी म्हटलं. "नुसती बघत होते."