पोटातलं का हातातलं?

एका हातात खडू आणि दुसरा हात स्वतःच्या पोटावर, असे ते वर्गात उभे राहायचे. फळ्यावर इंग्रजी क्रियापद लिहायचे, मागे वळायचे आणि विचारायचे, “सांगा रे, पोटातलं का हातातलं?”

ते आमच्या शाळेतले इंग्रजीचे सर. मी गणिताचा. शाळा झरीच्या पुढे आतल्या रस्त्याला आणि आम्ही दोघंही राहायला परभणीत. एकोणीस वर्षं ते माझ्या मोटरसायकलच्या मागच्या सीटवर बसून आले. स्वतःची गाडी घेतली नाही. विचारलं की म्हणायचे, “घ्यायची हाय सर, मनात हाय.” शेवटपर्यंत ती मनातच राहिली. तुम्हीही कुणाचा जेवणाचा डबा एकोणीस वर्षं पाठीला टोचून घेतलात, तर तो माणूस तुम्हालाही बऱ्यापैकी कळेल.

आमच्याकडची मुलं बोलताना सगळं चालू वर्तमानकाळातच ठेवतात. मला कळायलंय, मला आवडायलंय. तेच घेऊन ती इंग्रजीत शिरतात आणि ‘आय अ‍ॅम नोइंग’ लिहून ठेवतात. पुस्तकातला नियम घोकून घेऊन काही फरक पडेना, तेव्हा सरांनी स्वतःचा नियम काढला. धुणं, कापणं, लिहिणं, झाडणं ही हातातली क्रियापदं. ती करताना माणूस दिसतो, म्हणून त्यांना खुशाल ‘इंग’ लावा. माहीत असणं, आवडणं, विश्वास असणं ही पोटातली. ती करताना कुणी दिसत नाही, ती नुसती आत असतात. त्यांना ‘इंग’ लावायचं नाही.

इथवर ठीक होतं. पण सर वर्गाकडून ते करूनही घ्यायचे. हातातलं क्रियापद आलं की सगळ्यांनी उभं राहून ते काम करून दाखवायचं. पोटातलं आलं की खाली बसायचं, पोटावर हात ठेवायचा आणि एकदम गप्प राहायचं. शेजारच्या वर्गात मी त्रिकोण काढत असायचो आणि भिंतीपलीकडे साठ पोरं एकदम ‘स्वीपिंग’ करायची. धूळ माझ्या वर्गात यायची. एकदा मी तणतणत त्यांच्या दाराशी गेलो.

“सर, काय चालवलंय हे?”

“दोनच मिनिटं दम धरा,” ते शांतपणे म्हणाले. “आत्ता ‘नो’ यायलंय. गप बसतील.”

आणि खरंच, फळ्यावर ‘नो’ म्हणजे माहीत असणं आलं आणि वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता झाली. साठ मुलं पोटावर हात ठेवून बसलेली. मी मुकाट्यानं त्रिकोणाकडे परतलो.

दहावीत कोमल नावाची एक मुलगी होती. तिनं एकदा सरांना अडवलं. “सर, ‘हॅव्ह’ तर तुमी पोटातलं म्हणलात. मग पुस्तकात ‘आय अ‍ॅम हॅविंग टी’ कसं काय?” सरांनी एक दिवसाची मुदत मागितली. दुसऱ्या दिवशी गाडीवर बसल्या बसल्या माझ्या कानात ओरडले, “सापडलं! घर हाय, बहीण हाय, हे पोटातलं. पण चहा घ्यायलाय म्हणजे कप हातात हाय की!” झरी येईपर्यंत ते मला हेच सांगत होते. मुलीचं कौतुक तर स्वतःच्या लेकीसारखं. त्यांना मूलबाळ नव्हतं.

आता थोडं त्यांच्याविरुद्ध बोलतो. या माणसाचं सगळं पोटातच असायचं. पोखर्णीच्या रस्त्याला त्यांचा एक प्लॉट होता. दर रविवारी बायकोला घेऊन तिथं जायचे, गवत उपटायचे, इथं स्वयंपाकघर, इथं तुळस, असं बोट दाखवायचे आणि घरी यायचे. एक वीट रचली नाही. हेडमास्तरांशी मतभेद झाला तर तोही पोटातच. पालकांशी बोलायचं म्हटलं की सर मला पुढे करायचे. मी त्यांना यावरून भरपूर छळलंय.

त्या वर्षी पावसाळ्यात कोमलची आजी वारली. आईवडील दसऱ्यानंतर ऊसतोडीला जायचे, तेव्हा कोमल आजीपाशी राहून शाळा करायची. आता गावात कुणीच उरलं नाही. शिवाय तीन वर्षांचा भाऊ होता. आई उसाच्या फडात उतरली की त्याला सांभाळायला कोमल हवी होती. म्हणजे ती जाणार, आणि दहावीची परीक्षा बुडणार हे ठरलेलंच. एकदा बुडालेली दहावी पुन्हा देणारी मुलगी मी तरी त्या गावात पाहिली नव्हती.

पंधरा दिवस सर गाडीवर एकच बोलत होते. “मला लय वाईट वाटायलंय, सर. लय वाईट वाटायलंय.”

एक दिवस माझा तोल गेला. मी म्हणालो, “वाईट वाटणं पोटातलं झालं. हातातलं काय करायलाव ते सांगा.”

बोलून गेलो आणि दिवसभर मला चुटपुट लागून राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाव आल्यावर त्यांनी माझ्या खांद्यावर थाप मारली. “शाळेकडं नको. वस्तीकडं घ्या.” तिथं ऊसतोडीला निघालेला ट्रॅक्टर उभा होता. मागच्या ट्रॉलीत भांडी, खोपीचे बांबू, ताडपत्री, दोन कोंबड्या, आणि सामानावर भावाला मांडीवर घेऊन बसलेली कोमल. सर उतरले, थेट ट्रॉलीच्या चाकावर चढले आणि तिची पत्र्याची पेटी ओढायला लागले.

तिचे वडील धावत आले. “सर, हे काय करायलाव?”

“उतरवायलोय,” सर म्हणाले. घाम फुटला होता, पण पेटी सोडत नव्हते. “पोरगी आमच्या घरी राहील. परीक्षेपर्यंत.”

“आन बारक्याला कोण बघंल?”

पेटी निम्मी ट्रॉलीत, निम्मी बाहेर. तेवढ्यात कोमलची आई पुढे आली. तिनं लेकीच्या मांडीवरून पोरगा उचलून स्वतःच्या कडेवर घेतला.

“मी बघते. ही बारकी व्हती तवा फडात पाळण्यात ठिवून बघितलंच की हिला.” मग नवऱ्याकडे न बघता तिनं दप्तर उचललं आणि सरांच्या हातात दिलं. “घ्या सर. हे बी घ्या.”

संध्याकाळी आम्ही तिघं माझ्या गाडीवरून परभणीत शिरलो. पेटी माझ्या पुढ्यात टाकीवर. सरांच्या दारात गाडी थांबल्यावर ते हळूच म्हणाले, “सर, घरी अजून सांगितलं न्हाई.” मला हसावं की रडावं कळेना. बाईंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, दार उघडलं. मुलीकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं. सर पोटावर हात ठेवून उभे.

“हात पाय धू ग बाई,” बाई कोमलला म्हणाल्या. “किती भाकरी खातीस?”

कोमल पास झाली. पुढचंही तिनं त्यांच्याच घरी राहून केलं. आता ती नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. सर निवृत्त झाले आणि दोनच वर्षांत, गेल्या श्रावणात, वारले. प्लॉटवर अजून गवतच आहे.

शाळेत शोकसभा झाली. सतरंजीवर जुने विद्यार्थी गर्दी करून बसले होते. नवे हेडमास्तर सरांना कधी भेटलेले नव्हते. त्यांनी मोजकं चांगलं बोलून म्हटलं, “आता आपण सर्व दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली वाहू या.”

सगळे उठले. कोमलही उठली. मग तिच्या काहीतरी लक्षात आलं असावं. ती पुन्हा खाली बसली आणि तिनं पोटावर हात ठेवला. तिच्या शेजारचा बसला. मागची ओळ बसली. बघता बघता सगळी सतरंजी खाली बसली. हेडमास्तर हलक्या आवाजात म्हणाले, “अहो, उभे राहा, उभे राहा.” कुणी ऐकलं नाही.

मी गणिताचा माणूस. मला हे असले प्रकार आवडत नाहीत. पण त्या माणसावर माझा फार जीव होता, आणि हे मी त्याला एकोणीस वर्षांत एकदाही सांगितलं नव्हतं. मी बसलो. पोटावर हात ठेवला.

दोन मिनिटं शाळेत कुणी हललं नाही. शेजारच्या वर्गात त्रिकोण चालू असता, तरी त्या मास्तराची काही तक्रार नसती.