फोटो छातीचा, काढायचा पाठीकडनं

एक्स-रे काढणाऱ्या माणसावर लिहितोय म्हटल्यावर तुम्ही सावरून बसला असाल. आता हा सांगणार, अंधारी खोली, लाल दिवा, कोपऱ्यात हाडांचा सापळा, आणि मग त्या सापळ्यानं कुणाचा तरी हात धरला. तर तसलं काही नाही. सापळा होता आमच्याकडं, खोटं कशाला बोलू, पण त्याच्या खांद्यावर मामांचा बनियन वाळत असायचा आणि त्याला बघून आजवर कुणी घाबरलं नाही. माझ्याकडं सांगायला आहेत ते फक्त आमचे मामा. आणि त्यांच्याबद्दल एक गोष्ट मी कुणासमोरही सांगायला तयार आहे, की सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे पालथे घातले तरी माणसाचं तोंड ज्याला कधी आठवलं नाही आणि हाड जो कधी विसरला नाही, असा दुसरा गृहस्थ सापडायचा नाही.

मामा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आमच्याकडं आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात. पंधरा वर्षं मिलिटरीच्या दवाखान्यात एक्स-रे काढून ते सांगलीला आले आणि एका डॉक्टरांच्या खाजगी दवाखान्यात मशीनवर बसले. मी वडूजचा. मॅट्रिक दुसऱ्या दणक्यात पास. नकला सोडून दुसरं काही येत नव्हतं. हेडमास्तर, एस्टीचा कंडक्टर, चुलत्याची म्हातारी म्हैस, सगळ्यांचे आवाज काढायचो. बहात्तरचा दुष्काळ सरला त्या वर्षी वडिलांनी मला धरून मामांच्या दारात नेलं. मामांनी दार उघडलं, आम्हा दोघांकडं अगदी अदबीनं बघितलं आणि वडिलांना विचारलं, "या, बसा. कुठं लागलंय?" वडील त्यांचे सख्खे मेहुणे, वीस वर्षांची सोयरीक. वडील रागानं तसेच आत चालायला लागले. तीन पावलं टाकली तोच मामांचं तोंड फुललं. "आरं, पाव्हणं, तुमी व्हय? आवं, गुडघ्यावरनं वळखलं बघा. आत पडतोय त्यो."

बाजारातही तीच तऱ्हा. कुणी रामराम घातला की मामा त्याला खालपासून वरपर्यंत बघणार आणि विचारणार, "डावा खुबा का?" तो माणूस खूश होऊन, "व्हय साहेब, झाडावरनं पडलो हुतो तवाचा." मग मामा त्याच्या खुब्याची खुशाली विचारणार. बायका-मुलांचं नाही. एका लग्नात त्यांनी नवरदेवाच्या बापाला मांडवातच मिठी मारली, म्हणाले, "ह्येंचा मणका म्या बघितलाय, असा सरळ मणका मिलिटरी सोडल्यापास्नं न्हाई बघितला." मुलीकडची माणसं पाच मिनिटं एकमेकांकडं बघत होती, की हे चांगलं म्हणायचं का वाईट.

मामांच्या हाताखाली मी शिकायला लागलो आणि डोक्याचा भुगा झाला. मोठी अडचण डाव्या-उजव्याची. फिल्म बघताना पेशंट आपल्यासमोर तोंड करून उभा आहे असं धरायचं, म्हणजे त्याचा उजवा आपल्या डाव्या हाताला येतो. इतपत ठीक. पण मामांनी हा नियम घरीही लावला होता. आत्या म्हणायची, "आवं, कपाटातनं उजवीकडची बरणी द्या." मामा डावीकडची मिठाची बरणी काढून देत. आत्या कपाळावर हात मारून घ्यायची. "कपाटाला कसला आलाय डावा-उजवा?" त्यावर मामा शांतपणे, "कपाट आपल्याकडं तोंड करून उभं हाय न्हवं? मग त्येचा उजवा कंचा?" सहा महिन्यांत माझी अशी गत झाली, की जेवायला बसताना कुठला हात धुवायचा याचा मला विचार करावा लागायचा.

पेशंटला उभं-आडवं करायची मामांची रीत मात्र बघण्यासारखी. पुस्तकातलं एक अक्षर बोलायचे नाहीत. हाताचा फोटो असला तर बाईला म्हणायचे, "भाकरी थापल्यागत हात टेका." पंजा असा चपटा बसायचा की विचारू नका. डोक्याचा बाजूनं फोटो असला की, "शेजारच्यांचं भांडण भितीला कान लावून ऐकताय तसं." कोपराला, "दुधाची किटली धरा." छातीच्या फोटोला तर त्यांचं खास होतं. तिथं तोंड भिंतीवरच्या फिल्मच्या प्लेटीकडं करायचं, हनुवटी वर, हात कमरेवर आणि कोपरं पुढं ढकलायची, म्हणजे पाठीवरचे खांद्याचे फरे बाजूला सरकतात आणि त्यांच्याआडची फुप्फुसं मोकळी दिसतात. हे सगळं मामा तीन शब्दांत सांगत. "जावई रुसलाय तसं." प्रत्येक माणूस बरोबर भिंतीकडं तोंड करून, कमरेवर हात ठेवून, कोपरं पुढं काढून उभा राहायचा.

जतकडची कानडी माणसं आली की मामा कानडीत बोलत. त्यांना कानडीचे दोनच शब्द येत होते, 'उसिरु हिडी', म्हणजे दम धर. एकदा एक धनगर आला, घोंगडं बाहेर ठेवून रुसलेल्या जावयासारखा उभा राहिला. मामांनी दम धरायला सांगितलं, बटण दाबलं, फोटो झाला. आता दम सोडायला कानडीत काय म्हणतात, ते काही केल्या आठवेना. धनगर इमानी माणूस. मान लाल झाली, कानशिलं फुगली, पण गडी दम सोडेना. शेवटी मामांनी त्याच्यासमोर जाऊन स्वतः छाती भरून दम घेतला आणि फुस्सकन सोडून दाखवला. धनगराला वाटलं अजून एक फोटो आहे. त्यानं उरलासुरला दमही आत घेतला. मी बाहेर बाकावरच्या पेशंटांना हे सगळं करून दाखवलं, तेव्हा एक म्हातारी हसून हसून बरगडी धरून बसली, आणि मामांनी लगेच विचारलं, "कितवी?"

मामांचा आवाज मला हुबेहूब जमायचा. थोडा नाकातनं, शेवटी बारीक खाकरा. मामा बाहेर गेले की मी शिशाच्या पडद्यामागं उभा राहून त्यांच्या आवाजात सगळी पोथी म्हणायचो, "गळ्यातलं काढा, क्येस डोक्यावर बांधा, जावई रुसलाय तसं." बाकावरची माणसं हसायची आणि मला वाटायचं, काम शिकलो.

एका गुरुवारी मामा जत्रेला म्हणून वडूजला गेलेले, उद्या सकाळी येणार. दवाखान्यात मी एकटा. आष्ट्याहून एक ऊसवाले शेतकरी आले, बरोबर त्यांची मुलगी. नर्सिंगच्या शाळेत तिचा नंबर लागला होता. शनिवारपर्यंत तब्येतीचा दाखला नेऊन द्यायचा, नाही तर जागा दुसऱ्याला. बापाच्या मनात ते शिकणं नव्हतंच. बाकावर बसल्या बसल्या मला सांगत होते, "दाखला मिळाला तर जा म्हटलंय. न्हाई मिळाला तर दिवाळीला लगीन. तिनंबी कबूल केलंय." मुलगी फॉर्मचं पाकीट छातीशी धरून बसली होती.

मी तिला आत घेतलं. बाकावर पाच-सहा माणसं, सगळी दारातनं कान देऊन, म्हणून मामांच्या आवाजात सगळी पोथी म्हटली. मुलगी गळ्यातला काळा दोरा काढून बाजूला ठेवते आणि केस वर बांधायला हात उचलते, तोवर माझं डोकं चालायला लागलं. फोटो छातीचा, पण मशीन तर पाठीमागं. म्हणजे किरण पाठीकडनं येणार. म्हणजे पाठ मोकळी पाहिजे. मग केस डोक्यावर कशाला, डोक्याचा का फोटो आहे? मामांची ही एक उगीचची सवय असणार. मी मोठ्या रुबाबात म्हटलं, "क्येस ऱ्हाऊ द्या, नुसती वेणी पुढं घ्या." तिनं तेल लावलेली जाडजूड वेणी उजव्या खांद्यावरनं पुढं घेतली, प्लेटीला चिकटून उभी राहिली, आणि मी फोटो काढला.

ओली फिल्म डॉक्टरांनी दिव्यासमोर धरली. मग उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागावर बोट ठेवून म्हणाले, "इथं संशय वाटतोय. थुंकी तपासून घेऊ. तोपर्यंत फिट असल्याचा दाखला मला देता येणार नाही." बापानं एवढंच विचारलं, "क्षयाचं हाय का?" डॉक्टर म्हणाले, "तसं अजून म्हणता येणार नाही." पण बापानं जे ऐकायचं ते ऐकलं होतं. दोघं गेली. मुलीनं जाताना फॉर्मचं पाकीट घडी करून पिशवीत घातलं. मला वाईट वाटलं, पण आपण फोटो किती स्वच्छ काढला, याचंच बरं जास्त वाटलं.

शुक्रवारी सकाळी मामा आले. फिल्म चिमट्याला लटकून वाळत होती. मामांनी चहाचा कप हातात घेऊन तिच्याकडं बघितलं आणि म्हणाले, "कोन रं ही पोरगी? क्येस लय झ्याक हायत."

मला वाटलं मामांना जत्रेत ऊन लागलं. म्हटलं, "मामा, त्यो छातीचा फोटो हाय."

"छातीचाच हाय की. ही बघ वेणी. तीन पेडी. तेलबी भरपूर लावलंय."

मी डोळे फाडून बघितलं. डॉक्टरांच्या त्या संशयाच्या जागी एक पांढरट पट्टा होता, आणि एकदा सांगितल्यावर त्यातला पीळ न्‌ पीळ मोजता येत होता. "पर मामा, वेणी तर पुढं घ्यायला सांगितली म्या. पाठ मोकळी हुती."

मामांनी कप खाली ठेवला. "किरण मागनं येत्यात, पर जात्यात कुठं? आरपार, पुढं. वाटंत जे जे घावंल ते सगळं प्लेटीवर. वेणी मागं ठेव, पुढं ठेव, दिसायचीच. तू तर प्लेटीला चिकटवून ठेवलीस, म्हंजे सगळ्यात झ्याक दिसणार." आणि मग हळू, "डॉक्टर काय म्हणालं?"

मी सांगितलं. मामांनी फिल्म उतरवली, डॉक्टरांना दाखवली, त्यांनी चष्मा पुसून दोनदा बघितली आणि म्हणाले, तिला आत्ताच्या आत्ता परत आणा. रजिस्टरमध्ये वाडी-वस्तीचा पत्ता होता. मामांनी मला दंडाला धरून आष्ट्याच्या एस्टीत बसवलं. स्वतः शेजारी बसले. मी एकदा कंडक्टरचा आवाज काढून बघितला. मामा खिडकीबाहेर उसाकडं बघत राहिले.

मुलीचं घर मळ्यात होतं. ओसरीवर तिचा बाप, आणि ती लांब गोठ्याच्या पडवीत. तिच्यापुढं एक वेगळं जर्मनचं ताट, वेगळा तांब्या. आई दारात उभी राहून डोळे पुसत होती. मामांनी ते ताट बघितलं आणि उभ्या उभ्या सांगितलं, "साहेब, डाग न्हाई. वेणी हाय ती."

बाप उठला नाही. "काल डॉक्टर डाग म्हणालं. आज तुमी वेणी म्हणताय. उद्या आनि काय म्हणशीला?"

"तुमीच बघा," म्हणून मामांनी फिल्म आभाळाकडं धरली. पण बापाला डाग काय आणि बरगडी काय, सगळं धूरच दिसत होतं. तेवढ्यात मुलगी पडवीतनं पुढं आली. लांबच उभी राहिली, कुणाला लागू नये अशी. वेणी उजव्या खांद्यावरनं पुढं घेतली आणि बापाला म्हणाली, "दादा, काल अशीच हुती. मी वर बांधत हुते. ह्येंनी पुढं घ्या म्हटलं." आणि माझ्याकडं बोट केलं.

बापानं फिल्म हातात घेतली, एकदा तिच्याकडं, एकदा फिल्मकडं, असं चार-पाच वेळा बघितलं. पीळ जुळत होता. आई तर मोजायला लागली. मी म्हणणार होतो की चूक माझी, पण तोंड उघडायच्या आत मामा म्हणाले, "चूक आमची. आमच्या दवाखान्याची. चला, दुसरा काढू."

"आन् कालपास्नं ही येगळ्या ताटात जेवतीया," बाप म्हणाला, "त्येचं काय?"

आईनं ते ताट उचललं आणि आतल्या भांड्यांत नेऊन ठेवलं. मग सगळी निघाली.

दुसरा फोटो मामांनी स्वतः काढला. मुलीनं केस डोक्यावर इतके घट्ट बांधले होते की भुवया वर ओढल्या गेल्या होत्या. फिल्म स्वच्छ निघाली. डॉक्टरांनी दाखला लिहिला, सही केली, बापाची माफी मागितली. शनिवारी ती वेळेत पोचली, असं नंतर कळलं. बापच सोडायला गेला होता.

संध्याकाळी मामांनी मला डार्करूममध्ये बोलावलं. लाल दिव्यात त्यांचं तोंड नीट दिसत नव्हतं. म्हटलं, आता मिलिटरीतल्या शिव्या ऐकायला मिळणार, त्या मला नकलेसाठी हव्याच होत्या. मामा म्हणाले, "बसा."

मी मागं वळून बघितलं, कुणाला म्हणतायत.

"तुमालाच म्हणतोय. बसा. तुमी माझा आवाज लय चांगला काढता, बाकावरची माणसं सांगत्यात. क्येस वर बांधा, हे तुमी माझ्या आवाजात म्हणालाव. पर का बांधायचं ते मला इचारलं न्हाईसा. म्याबी सांगितलं न्हाई, त्यो माझा दोष. मशिनीपुढं जे उभं असतंय ते माणूस असतंय, एवढं ध्येनात ठेवा. जावा आता, जेवून घ्या."

बस्स. एवढंच रागावले. पण 'तुमी' मात्र तसंच राहिलं. दुसऱ्या दिवशी, "तुमी फिल्मा धुता का?" रात्री ताटावर, "घ्या, भाकरी घ्या." आत्या हसायची, "ह्यो कवापास्नं एवढा मोठा झाला वो?" आठ दिवस मी वाट बघितली, मामा एकदा तरी मला गाढवा म्हणतील, कान धरतील. नवव्या दिवशी मला राहवेना. मुद्दाम धक्का लावून फिल्म धुवायच्या फिक्सरचा ट्रे त्यांच्या खाकी पँटीवर सांडला आणि डोळे मिटून उभा राहिलो.

मामांनी पँट झटकली, ट्रे उचलून जागेवर ठेवला, आणि म्हणाले, "असू द्या. तुमच्या अंगावर न्हाई ना उडालं?"