वारेचा पापुद्रा

प्रसूती वॉर्डातून मेश्राम सिस्टर झाकलेलं भांडं घेऊन निघाल्या, की जिन्यावरची माणसं नाकाला पदर-रुमाल लावून भिंतीला चिकटत. सिस्टर ठसक्यात म्हणत, "सरका गा, सोनं चाललं!" भांड्यात बाळंतिणीची वार असे. तिच्यावरचा पातळ पापुद्रा सोडवून, सलाइननं धुऊन त्या वर्षानुवर्षं न भरणाऱ्या जखमांवर पसरत. रक्त तपासलेल्या बाईचीच वार घेत, आणि तीही विचारून. बाकीचे म्हणत, फेकायच्या बादलीतून उचला की! या मात्र खाटेशी बसून विचारत, "तुही वार मले देशीन का वं? एका बाईचा पाय वाचते."

सत्तरचं दशक संपत आलं होतं. नागपूरच्या एका सरकारी दवाखान्यात मी नवखा डॉक्टर होतो, आणि ड्रेसिंग मला याच बाईंनी शिकवलं. पट्टी जोरात ओढली की माझ्या हातावर चापट बसे. "जखमेकडं काय पाहून राहिले? बाईच्या तोंडाकडं पाहा न!"

गंगूबाईंच्या पोटरीची जखम आठ वर्षांची. मोठ्या सरांनी पाय कापायचं ठरवलं होतं. सिस्टरांनी सरांशी भांडून महिनाभराची मुदत घेतली. दर दोन-तीन दिवसांनी नवा पापुद्रा. पंधरवड्यात जखमेचा वास गेला, तळ लालबुंद झाला, कडेनं नवी कातडी सरकू लागली. "खाजून राहिलं वं बाई!" गंगूबाई म्हणाल्या, तेव्हा सिस्टर अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा हसल्या.

मग गंगूबाईंचा मुलगा आला. लकडगंजात दुकान, कडक इस्त्रीचा शर्ट, बोलणं लोण्यासारखं. "सिस्टर, मले फक्त एवढं सांगा, वार कोणाची होती? जात कोणती?"

"पोटातल्या लेकराचं पांघरूण हाय ते. त्याले कोणती जात लावता?"

"तरी पण. आमच्या घरात देव आहेत."

"आठ वर्सं वासापायी मायले मागच्या पडवीत टाकली, तवा कुठं गेले होते देव?"

सिस्टर छप्पन साली दीक्षा घेतलेल्या घरातल्या. आडनावावरून त्यानं ते ओळखलंच होतं. "तुम्ही तं असंच म्हणान," एवढं बोलून तो माझ्याकडे वळला आणि आईची सुटी मागितली. गंगूबाई खाटेची दांडी घट्ट धरून बसल्या होत्या. "राहू द्या न गा मले, भरून राहिलं." त्यांचं कोणी ऐकलं नाही. जिचा पाय, तिलाच विचारायचं नाही, हा कुठला न्याय? आज इतक्या वर्षांनीही माझं डोकं फिरतं. पण सुटीच्या कागदावर सही माझीच आहे.

दीड महिन्यानं त्यांना परत आणलं. घरी पट्टी कोणी बदललीच नव्हती, पाय गुडघ्यापर्यंत काळा पडला होता. मांडीतून कापावा लागला, तेव्हा कुठे जीव वाचला. त्या दिवशी रक्तपेढीतून बाटली आली, तर मुलगा हात जोडून उभा. "लवकर लावा सिस्टर, माय जाईन माही!"

सिस्टरांनी बाटली त्याच्या डोळ्यांसमोर धरली. "विचार न गा आता. कोणाची हाय?"

सिस्टरांनी बाटली टांगली, सुई लावली, रक्त नीट जातंय ना ते पाहिलं. मग माझ्याकडे वळल्या.

"त्याले तं अक्कल नव्हती, डॉक्टर. तुमाले होती."