तिसरं कडवं

फ्राऊ वाइडनर रेकॉर्ड आधी बघायच्या आणि मग ऐकायच्या. पाकिटातून तबकडी काढली की ती टेबलावरच्या दिव्याखाली तिरकी धरायची, चष्मा कपाळावर सरकवायचा आणि एक डोळा मिटायचा. "इथे हा ओरडतो," असं म्हणत त्या एका जागेकडे बोट दाखवायच्या, बोट न टेकवता. मग रेकॉर्ड लावली की नेमक्या त्याच जागी कधीकाळचा कुणी गायक बेंबीच्या देठापासून ओरडायचा. पहिल्या दिवशी मला ती जादूच वाटली. खाचा जास्त नागमोडी असल्या की उजेड वेगळा पडतो, एवढंच त्यामागचं शास्त्र. "आवाज दिसतो," त्या म्हणायच्या, "शब्द दिसत नाहीत. शब्दांना कानच लागतो."

हायडेलबर्गच्या एका खासगी संग्रहात मला आठवड्यातून तीन दिवसांचं काम मिळालं होतं. नवऱ्याची, निखिलची, नोकरी फ्रँकफर्टला, घर डार्मश्टाटला, आणि पुण्यात कॉलेजात इंग्रजी शिकवणारी मी चार वर्षं नुसते मुलीचे डबे भरत होते. संग्रहाला इंग्रजी येणारं आणि धुळीचं वावडं नसलेलं माणूस हवं होतं. दोन्हीत मी बसले. लाखेच्या जुन्या तबकड्या धुवायच्या, वाजवून कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायच्या आणि प्रत्येकीचं कार्ड भरायचं, हे काम. फ्राऊ वाइडनर तिथल्या प्रमुख, म्हणजे आम्ही दोघीच होतो आणि त्यातल्या त्या प्रमुख.

त्या काळच्या लेबलांवर गायकाचं नाव ठसठशीत, कंपनीचं त्याहून ठसठशीत. कवीचं नाव बहुतेकदा नसायचंच. सुरुवातीला मी तो रकाना रिकामा सोडून मोकळी झाले. त्यांनी कार्ड शांतपणे माझ्यापुढे सरकवलं. "आल्झो, फ्राऊ बापट, शब्द काय आकाशातून पडले?" नाव सापडेपर्यंत त्यांनी मला उठू दिलं नाही. माझी गाडी चुकली. पुन्हा मी तो रकाना कधी रिकामा सोडला नाही.

एकदा एका बाईने असा काही सूर लावला की माझ्या तोंडून "वा!" निघून गेलं. फ्राऊ वाइडनरनी सुई उचलली. "कोण बोललं?" मी समजावलं, की आमच्याकडे गाणं आवडलं की ऐकणारा तसं बोलून दाखवतो, गप्प बसणाऱ्याला उलट दगड म्हणतात. त्यांनी जरा विचार केला. "म्हणजे तुमच्या रेकॉर्डवर गायक एक आणि पाहुणे वीस," म्हणाल्या आणि सुई पुन्हा ठेवली. त्यानंतर खूश झाल्या की त्या स्वतःच, अगदी हळू, जर्मन वळणाचं "व्हा" म्हणायच्या. मला ते फार आवडायचं.

त्यांचा जीव अडकला होता एका कवितेत. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या एका इंग्रज कवीची ती निरोपाची कविता. चार कडवी. पहिल्या दोन कडव्यांत घर सोडून जाणारा पुरुष बोलतो, तिसऱ्यात मागे राहिलेली बाई बोलते आणि चौथ्यात पुन्हा तोच, आता बोटीवरून. चाल सोपी, त्यामुळे ग्रामोफोन आला तसं ते गाणं ज्याने त्याने गायलं. पण तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-चार मिनिटं मावायची. काहीतरी कापावं लागायचं आणि सगळे कापायचे ते तिसरं कडवं. फ्राऊ वाइडनरच्या आईला चारही कडवी पाठ होती. घरच्या ग्रामोफोनवर गाणं दुसऱ्यावरून थेट चौथ्यावर गेलं की ती चिडायची, "पुन्हा बाईला गप्प बसवलं!" आई गेल्यावर लेकीने त्या गाण्याच्या मिळतील तेवढ्या तबकड्या जमवल्या. कुणीतरी तिसरं कडवं गायलं असेल आणि ते एकदा आपल्या कानांनी ऐकायचं, एवढीच त्यांची इच्छा. "जाणाऱ्याचं सगळे गातात," त्या म्हणायच्या. "राहिलेलीचं कुणी गात नाही."

आणि नेमके त्यांचे कानच चालले होते. उजवा लहानपणीच गेलेला. डावाही वर्षभरात उतरत गेला. कानाच्या यंत्राने नुसती खरखर मोठी होते, अशी त्यांची तक्रार. डॉक्टरांनी हेडफोन दिवसाला थोडाच वेळ लावायला सांगितला होता. तेव्हा एका मेलेल्या संग्राहकाच्या घरून त्या गाण्याच्या बारा तबकड्या आल्या. फ्राऊ वाइडनरनी खोकं माझ्या टेबलावर ठेवलं. "आधी तुम्ही ऐका. माझा कान मी जपून ठेवते. तिसरं कडवं आलं तरच मला हाक मारा."

तो ऑक्टोबर होता. सप्टेंबरात सांगलीला माझे बाबा गेले. विमानं बदलत मी पोचले तोवर सगळं उरकलं होतं. दिवस झाल्यावर परत आले आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेले. रडू आलं नाही. काहीच येत नव्हतं, ना भूक, ना झोप. फ्राऊ वाइडनरनी सांत्वनाचं अक्षर काढलं नाही, फक्त माझी खुर्ची हीटरजवळ सरकवून ठेवली होती. मला तेच बरं वाटलं. घरी लेक, इरा, जर्मनमधून काहीतरी विचारत राहायची आणि मग निखिल म्हणायचा, "अगं, ती तुझ्याशी बोलतेय." मी म्हणायचे, "हो, ऐकतेय." ऐकत नव्हते.

हेडफोन लावले की आधी खरखर सुरू व्हायची. ती खरखर मला बरी वाटायची, कारण तिच्यात बसलेल्या माणसाला कुणी काही विचारत नाही. तबकडी फिरायची, मी खिडकीबाहेरच्या सायकली बघत बसायचे, सुई मध्यावर जाऊन टकटक करायला लागली की उचलायचे. कार्डावर लिहायचे : तिसरं कडवं, नाही. निघताना त्या विचारायच्या, "काही?" मी म्हणायचे, "नाही." त्यावर त्या कोट चढवत म्हणायच्या, "गूट. नाही हेसुद्धा उत्तर आहे." बारा तबकड्यांना मी बारा वेळा नाही लिहिलं. त्यांनी एकदाही पडताळून पाहिलं नाही. माझा कान त्यांनीच तयार केला होता, त्याच्यावर त्यांचा विश्वास होता.

जानेवारीत त्या निवृत्त झाल्या. मार्चपर्यंत डावा कानही पूर्ण गेला आणि त्या नेकर नदीकाठच्या एका वृद्धाश्रमात राहायला गेल्या. मी जायचे अधूनमधून. मी कागदावर लिहायचे, त्या मोठमोठ्याने बोलायच्या.

मे महिन्यात मी त्या ऑक्टोबरच्या रेकॉर्डिंगची साफसफाई करत होते. पुढची-मागची खरखर कापायची, बस. सातव्या तबकडीत दुसरं कडवं संपलं आणि गाणारी बाई बोटीकडे वळलीच नाही. पुढच्याच श्वासात तिने तिसरं कडवं धरलं. वेळ पुरवण्यासाठी चाल जराशी पळवली होती, पण शब्दन् शब्द स्वच्छ. कार्ड काढलं. माझंच अक्षर : नाही. ते गाणं मी पाच वेळा ऐकलं. मग बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं आणि पुढची तबकडी घेतली. तेव्हाही रडू आलं नाही.

न सांगता चाललं असतं. निखिल तेच म्हणाला, "आता त्यांना ऐकू येत नाही, कशाला दुखवतेस?" मी तीन आठवडे त्याचं मानलं. पण चुकीचं कार्ड ठेवून त्यांच्यासमोर बसणं मला जमेना.

फ्राऊ वाइडनर ऑगस्टमध्ये वारल्या. जूनमधली ती भेट आमची शेवटची. आश्रमाच्या कॅफेत त्यांनी माझ्यासाठी केक मागवून ठेवला होता. मी घरूनच लिहून नेलेला कागद पुढे केला. तिसरं कडवं सापडलं. ऑक्टोबरच्या खोक्यात होतं. मी न ऐकताच 'नाही' असं लिहिलं.

त्यांनी तो दोनदा वाचला.

"कोण गातं?"

मी लिहिलं, एक बाई.

"चांगलं गाते?"

खोटं लिहिता आलं असतं. मी लिहिलं, हो.

"शब्द कळतात?"

सगळे, मी लिहिलं.

त्यांनी कागदाची घडी घालून ती केकच्या बशीखाली सरकवली. मग माझ्याकडे वळल्या. चेहऱ्यावर राग नव्हता, तो असता तर मला निदान माफी तरी मागता आली असती. ऐकू न येणारी माणसं बोलतात तशा मोठ्या आवाजात, शेजारच्या टेबलावरच्या बाया वळून बघतील इतक्या मोठ्या आवाजात, त्या म्हणाल्या,

"ऑक्टोबरमध्ये मला अजून ऐकू येत होतं, फ्राऊ बापट."