लाईट दिलाय

आमच्याकडे कॅन्सरच्या शेकाला, म्हणजे रेडिएशनला, सगळे ‘लाईट’ म्हणतात. ‘लाईट चालू आहेत’ म्हटलं की समोरचा ‘किती झाले?’ विचारतो आणि लिफ्टचं बटण दाबतो. ह्यांच्या अन्ननलिकेत गाठ होती, पाण्याचा घोटही उतरत नव्हता. रोग यकृतात पसरलाय, हे डॉक्टरांनी मला एकटीला सांगितलं होतं आणि मी ह्यांना सांगितलं नव्हतं.

डॉक्टरांनी वेगळाच उपाय काढला. आधी शिरेतून औषध द्यायचं, ते गाठीत साठतं. दोन दिवसांनी दुर्बिणीच्या नळीतून आत लाल उजेड सोडायचा, त्याने औषध जागं होतं आणि गाठ जळते. रोग जाणार नाही, पण घास उतरेल. मात्र औषध कातडीतही मुरतं, म्हणून सहा आठवडे अंगावर ऊन अजिबात नको. घरातला साधा दिवा चालेल.

एवढं सगळं कोण कुणाला सांगत बसणार? पूनम सागरमधल्या आमच्या मजल्यावर चार घरं, शिवाय दिवसभर फोन. मी ‘लाईट दिलाय’ म्हणून मोकळी झाले. शेजारच्या गुजराती भाभी म्हणाल्या, “लाइट दिया? अच्छा हुआ, अब आराम पड़ेगा.” आराम मलाही हवा होता. दोन तास सलग झोप मिळाली असती तरी मी देवाचे पाय धरले असते.

खिडक्यांना जाड चादरी लावल्या. दहाव्या दिवशी ह्यांनी वाटीभर पेज प्यायली, न ठसकता. मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं आणि वाटी घासली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोडदेवहून नणंद आल्या. त्या आहेत म्हणून मी औषधं आणायला खाली उतरले. परत येऊन बघते तर चादरी सारलेल्या आणि हे गॅलरीत खुर्चीवर, उघड्या उन्हात.

“कोंडून काय ठेवलंयस गं त्याला?” नणंद म्हणाल्या. “माझ्या जावेला तीस लाईट दिले, ती रोज भाजी आणायला जायची. कोवळ्या उन्हाने कोणाचं वाईट झालंय काय?”

मी त्यांना नाही नाही ते बोलले. वयाचा मान वगैरे सगळं गुंडाळून ठेवलं. त्या डोळे पुसत गेल्या. संध्याकाळपर्यंत ह्यांचा चेहरा आणि हात लालबुंद सुजले, फोड आले. दवाखान्यात मलम लिहून देताना डॉक्टर म्हणाले, “मी सांगितलं होतं ना?” सांगितलं होतं. पुढे सांगायचा कंटाळा मी केला होता.

घरी मलम लावताना हे म्हणाले, “ताईला फोन कर. तिची चूक नाही. मला माहीत होतं.”

“माहीत होतं? मग उठून आत का नाही आलात?”

“सहा आठवडे ऊन नको म्हणतेस. डॉक्टरांनी तुला एकूण किती सांगितलेत?”

महिनाभर मी हा प्रश्न चुकवत होते. त्या दिवशी खोटं बोलायचंही त्राण उरलं नव्हतं.

“तीन महिने,” मी म्हटलं. “फार तर चार.”

त्यांनी सुजलेला हात माझ्या हातातून सोडवून घेतला.

“मग पेज पुरे,” म्हणाले. “भात टाक. गिळता येतंय तोवर.”